तानाबाईची हाक आणि धर्माची रायफल

खरं सांगा, तुम्ही हाक मारली तर मागचापुढचा विचार न करता धावत येईल असं या जगात कोण आहे तुमचं? पोरगा? तो आधी विचारेल, काम काय आहे. भाऊ? त्याचा फोन नेमका तेव्हाच चार्जिंगला लावलेला असतो. ज्यांना निवडून दिलं ते? राहू द्या. उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे, उगाच दुखवत नाही.

रोहण्याच्या तानाबाईच्या हाकेवर मोर यायचे.

यायचे म्हणजे लांबून मान वर करून बघायचे असं नाही. नाल्याकाठच्या झुडपातून तुरुतुरु निघायचे, धुऱ्यावर चढायचे आणि तानाबाईपासून बैलजोडीच्या अंतरावर बिनधास्त चरायला लागायचे. धुरा म्हणजे शेताचा बांध. तिच्या शेताचा तो शेवटचा धुरा, त्याच्या खाली नाला आणि नाल्यापलीकडे शोभाबाईची कपाशी. ही जागा नीट ध्यानात ठेवा. पुढं जे झालं ते सगळं या एवढ्याशा जागेत झालं.

तानाबाई काही साधू-संत नव्हती, तिला मोरांचा पुळकाही नव्हता. माहेरी असताना तितराचा रस्सा तिनं बोटं चाटून खाल्लेला. गोफण तर अशी चालवायची, की हरबऱ्यात शिरलेल्या मोराच्या पायाजवळची माती उडायची आणि तो बोंबलत पळायचा. आवाज हा एवढा. आर्वीच्या बाजारात तिनं वांग्याचा भाव विचारला तर पलीकडच्या दुकानदाराला वाटायचं भांडण लागलं. नवरा गेला, लेक हर्षा लग्न होऊन अल्लीपूरला गेली, तरी घरात चार माणसं राहतात असं वाटावं इतका तिचा एकटीचा गलका.

पण राखणीची तिची एक रीत होती. सासूनं दिलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच हंगामात सासूनं तिला धुऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं, "पाखरं हाकलून जात नाई पोरी. इथून हाकललं का तिथं बसते. त्यांले त्यांची जागा दाखवा लागते." म्हणून नाल्याकडच्या धुऱ्याला लागून ज्वारीचे काही तास, म्हणजे ओळी, दरवर्षी पेरायच्या आणि कापायच्या नाहीत. पाखरांचे तास. हरबऱ्यात शिरलेला मोर आधी गोफणीनं उठवायचा आणि मग तोंडाशी ओंजळ धरून लांबलचक "आऽऽव, आऽऽव" करत ज्वारीकडं न्यायचा. हाकलायचं तिनंच, बोलवायचंही तिनंच. आताशा रोहण्यात ज्वारी पेरतं कोण? सगळं सोयाबीन, कपाशी आणि तूर. पण तानाबाईनं ते तास कधी मोडले नाहीत. लोक हसायचे. म्हणायचे, बाईनं मोरांसाठी खानावळ काढली. ती म्हणायची, "काढली तं काढली. तुह्या हरबऱ्यात मोर आहे, माह्या हरबऱ्यात नाई. हास मंग."

आणि तिचा कायदा एकच होता. चोरून आलेल्या पाखराला गोफण मारायची. बोलावून आणलेल्याला नाही.

आता धर्मेंद्र. आर्वीत त्याचं बी-बियाणाचं दुकान आहे, पण मूळचा रोहण्याचा. आई लवकर गेली. तेव्हा तानाबाई त्यांच्याच वावरात राखणीला जायची आणि हे पोट्टं तिच्या कडेवर असायचं. मचानावर तिच्याच मांडीवर झोपायचं. बोलायला लागल्यापासून तो तिला 'बाई' म्हणायचा, आपल्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. सख्खा भाऊ नव्हता तिला. राखी धर्मालाच बांधायची आणि भाऊबीजेला तो आर्वीहून लुगडं घेऊन यायचा. उन्हातान्हात काम करणाऱ्या बाईला कोणी दरसाल आठवणीनं लुगडं आणतं, याचा काय तोरा असतो, तो तुम्ही तानाबाईच्या चालण्यात बघायला हवा होता. नवं लुगडं नेसून ती मुद्दाम पारावरून जायची.

धर्माकडं परवान्याची रायफल होती. गावात रानडुकरांनी उच्छाद मांडला, तेव्हा महादेवरावांनी पुढाकार घेतला. महादेवराव म्हणजे गावातलं जुनं वजनदार माणूस, तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि शब्दाला मान. खेटे घालून घालून त्यांनी पीक नासवणारी डुकरं मारायची परवानगी मिळवली, आणि मारणारा म्हणून धर्माचं नाव पुढं केलं. पहिलं डुक्कर पडलं तेव्हा गावानं त्याला नारळ दिला, दुपट्टा दिला. तानाबाई सगळ्यात पुढं उभी. "माह्या कडेवरचं पोट्टं हाय ते," असं ज्याला-त्याला सांगत.

मचान तिच्याच शेतात बांधलं होतं, मधोमध. बांधताना धर्मानंच तिला समजावलं होतं.

"बाई, मचानावरून खाली मारली का गोळी मातीत जाते. जमिनीवर बसून आडवी मारली तं भरोसा नाई. रायफलीची गोळी हाय ते, छर्रा नाई. डुकरातून निंगन आन शीव वलांडून कोनाच्या घरात जाईन."

"मंग वरूनच मारजो रे बावा."

"वरूनच. पक्कं."

हे त्याचे शब्द. त्याला माहीत नव्हतं असं पुढं कोणी म्हणालं तर म्हणू देऊ नका.

कपाशीची वेचणी चालू होती आणि हरबरा बोटभर वर आला होता, तेव्हाची गोष्ट. धर्मा एका दुपारी आला. तानाबाई भाकर खात होती. बसला, तिच्याच फडक्यातली भाकर मोडून घेतली.

"बाई, माह्याकडं पाहुणे येऊन राह्यले. शहरातले, दोघं. त्यांले मोर पाहाचे हाय."

"मंग पाहा म्हणा. मोर का पदर घेऊन बसते काय?"

"जवळून पाहाचे. फोटो काढाचे. मी त्यांले सांगतलं, माह्या बहिणीच्या हाकेवर मोर येते. त्यांले खरंच नाई वाटलं. हासले."

"हासले?"

"हासले ना. म्हणे, खेड्यातल्या गप्पा."

बस्स. धर्मा तिच्या कडेवर वाढलेला, तिची कळ कुठं आहे ते त्याला बरोबर ठाऊक. तानाबाईनं पाण्याचा तांब्या आपटला.

"घेऊन येजो त्यांले. सकाळीच येजो, धुकं असते तवा. आन सांगजो, कॅमेरा नीट धरा म्हणा, हात कापन."

सकाळी ते आले. पाहुण्यांची मोठी पांढरी गाडी रस्त्याला उभी राहिली. पाहुण्यांच्या गळ्यात कॅमेरा एकच, तोही लहानसा. धर्माच्या खांद्यावर रायफल.

"हे कायले आणलं गा?"

"डुक्कर निंगालं तं? पाहुण्यांच्या अंगावर गेलं तं मले बोलणं बसन."

पटण्यासारखं होतं. गेल्याच आठवड्यात नाल्यात डुकरीण पिलांसकट दिसली होती.

"मंग मचानावर चढा."

"मचानावरून माणूस दिसते बाई, मोर येनार नाई. तूच सांगत असतं ना."

तीच सांगत असायची. खरंच सांगत असायची. तिनंच त्यांना धुऱ्याजवळच्या तुरीत नेऊन बसवलं, डोक्यावर पोतं घ्यायला लावलं, एक पाहुणा खोकला तर त्याच्यावर डोळे वटारले. हे सगळं तिनं केलं. मग धुऱ्याच्या कडेला उभी राहिली, ओंजळ तोंडाशी धरली आणि हाक मारली.

पहिल्या हाकेला काही नाही. दुसरीला नाल्यातून उत्तर आलं. मग धुक्यातून एक लांडोर निघाली, मागं दोन, आणि सगळ्यांत शेवटी तो मोठा मोर. झडलेला पिसारा नुकता कुठं वाढायला लागलेला, अर्धामुर्धा, पण मानेचा रंग असा की धुक्यातही डोळ्यात भरावा. धुऱ्यावर चढला. तानाबाईकडं बघितलं, ओळखलं आणि मान खाली घालून ज्वारीचे दाणे टिपायला लागला. तानाबाई मागं न बघता हळूच म्हणाली, "काढा आता फोटो. म्हणा आता गप्पा."

आणि कानाजवळ आभाळ फाटलं.

मोर होता तिथंच पडला. लांडोरी ओरडत नाल्यात गेल्या. धुरा उंच, त्याच्या मागं मातीचा ढीग नाही की भिंत नाही, नुसतं मोकळं धुकं. आणि त्या धुक्यात, नाल्यापलीकडं, ओटी बांधून कापूस वेचत वाकलेली शोभाबाई होती. गोळी मोरातून निघाली आणि तिच्या मांडीत गेली. पाखरावर रायफल रोखणाऱ्यांनो, सांगा ना, एवढंसं पाखरू कशाला अडवणार होतं तुमची गोळी? पाखराच्या मागं काय आहे, हे तुम्ही बघता का कधी?

"अवं माय वं! ताने! धाव वं, ताने!"

शोभाबाईनं हाक मारली ती देवाला नाही, तानाबाईला. रोज दुपारची शिदोरी दोघी एकत्र सोडायच्या. तानाबाईनं लुगडं वर खोचलं. बाजूनं धर्मा धावताना दिसला आणि तिच्या जिवात जीव आला. वाटलं, पोरगं धावून गेलं शोभीकडं.

धर्मा धुऱ्यापर्यंत धावला. वाकला. मोराचे पाय धरले, पोत्यात कोंबला आणि पाहुण्यांकडं फेकला.

"गाडीत टाका. निंगा, निंगा लवकर!"

मग नाल्यात उतरला.

हे तानाबाईनं पाहिलं. शोभाबाईचं लुगडं रक्तानं भिजत होतं, ती ओरडत होती, आणि धर्मानं आधी मोर उचलला. तानाबाईनं नंतर शंभर लोकांना सांगितलं असेल, पण गोळीबद्दल ती एवढं बोलत नाही. म्हणते, गोळी सुटते, माणूस चुकते. पण आधी मोर उचलला गा. आधी मोर.

गाडी एकच होती आणि ती मोर घेऊन गेली. शोभाबाईला बैलबंडीत घालून रस्त्यावर आणली, तिथून ऑटोत आर्वीला, आर्वीहून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. तानाबाईनं स्वतःचा पदर फाडून तिच्या मांडीला आवळून बांधला होता आणि बंडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. धर्मा बंडीमागं चालत सारखा एकच म्हणत होता, "डुक्कर होतं. डुक्कर होतं ना बाई. तू पाह्यलं ना डुक्कर?" तानाबाईला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

डोक्यावर परिणाम वगैरे काही झालेला नव्हता. चालता चालता तो गोष्ट जुळवत होता.

दुसऱ्या दिवशी महादेवराव तिच्या ओसरीवर आले. मागं धर्मा, मान खाली. तानाबाईनं चहा ठेवला नाही. तिच्या घरी आलेला माणूस चहाशिवाय बसला असं कधी झालेलं नव्हतं. महादेवरावांना ते कळलं, त्यांनी खर्रा थुंकून टाकला.

"वहिनी, झालं ते वाईट झालं. पण आता गावाचं पाहा लागते."

"शोभी गावात नाई येत काय?"

"तिचा इलाज धर्मा करन. सगळा. शब्द देल्ला त्यानं. फक्त सायब आले का सांगाचं, डुक्कर निंगालं, धर्मानं मचानावरून मारलं, गोळी चुकली."

"मचानावरून मारलेली गोळी नाला कशी वलांडन गा महादेवभाऊ? ते खाली जाते ना? या धर्मानंच सांगतलं होतं मले."

"ते आमाले कायले सांगतं? आमाले दिसते का नाई?"

"दिसते तं मंग?"

"मंग काय! मोराचं नाव निंगालं का परवानगी गेली. परवानगी गेली का डुकरं हरबरा ठेवतीन काय? सगळ्यात पयले तुह्याच वावरात येतीन. वर्षभर मी खेटे घातले त्या परवानगीसाठी. गावाच्या तोंडातला घास काढतं काय तू?"

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. महादेवराव बदमाश माणूस असता तर तानाबाईनं त्याला तिथंच धुतला असता. पण त्यांचाही हरबरा डुकरांनी उकरलेला तिनं पाहिला होता.

धर्मा पुढं आला आणि तिच्या पायाशी बसला.

"बाई, चूक झाली. राखी बांधतं ना तू मले?"

"बांधते ना. त्याच हाताच्या बोटानं चाप वढला."

"चूक झाली म्हणतो ना."

"गोळी लागली ते चूक. बसून मारली तेही म्हण चूक. मोर आधी उचलला ते काय होतं? ते सांग मले. काऊन उचलला आधी?"

 धर्मा उठला, गुडघे झटकले, आणि वेगळ्याच आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तशा आवाजात म्हणाला, "पाहा बाई, मोराचं नाव काढलं तं तूही आत जाशीन. तो का माह्या बोलावण्यावर आला होता काय? हाक कोनं मारली?"

 महादेवरावांनी मान वळवली. निदान त्यांना लाज वाटली, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

संध्याकाळी अल्लीपूरहून हर्षाचा फोन. तिच्यापर्यंत कोणीतरी बरोबर पोचवलेलं. "आई, तू चूप राह्य. तुले काय पडलं? मोर गेला तो गेला. धर्मामामा आपल्या घरचा हाय." तानाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा समोरचं बोलणं चालू असताना फोन ठेवला.

तिला वाटलं, एक माणूस आहे. ज्याच्या अंगातून गोळी गेली ते माणूस तरी खरं बोलेल. एसटीनं वर्ध्याला गेली, सोबत घरचं दूध आणि ज्वारीच्या पातळ भाकरी, शोभाबाईला आवडतात तशा. शोभाबाई खाटेवर, पाय जाड पट्टीत. तानाबाईला बघून आधी रडली, मग डोळे पुसून भिंतीकडं बघायला लागली.

"शोभे, तू सांगशीन ना? मी सांगते आन तूही सांग. दोघी सांगू."

"मी सांगतलं ताने."

"काय सांगतलं?"

"डुक्कर होतं म्हणून."

तानाबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुले तं पलीकडून काहीच दिसलं नाई. तुले कुठून दिसलं डुक्कर?"

"नाई दिसलं. तं?" शोभाबाई एकदम उसळली. "माह्या पाय हाय का तुह्या? औषध कोन आणून राह्यलं? तू आणतं काय? धर्मा रोज येते इथं, घरच्यांले जेवाले नेते. तू खरं बोलशीन आन घरी जाशीन. मी लंगडी होऊन इथं पडीन. भैताड हाय काय मी?"

 याला उत्तर माझ्याकडं नाही, आणि ज्यांच्याकडं असेल त्यांनी आधी मांडीत गोळी घेऊन सरकारी खाटेवर झोपून बघावं. पण दगा तो दगाच. कारण बरोबर असलं म्हणून तो कमी दुखत नाही. तानाबाईनं डबा खाटेखाली ठेवला आणि निघाली. दारातून मागं वळून एवढंच म्हणाली, "हाक तं मलेच मारली होती तू."

ग्रामपंचायतीत चौकशी झाली तेव्हा सगळं गाव होतं. वनखात्याच्या साहेबीण आल्या होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. एकेकाला विचारत गेल्या. डुक्कर. डुक्कर. मचानावरून. डुक्कर. ज्याचं शेत दुसऱ्या टोकाला, त्यालाही त्या दिवशी धुक्यातून डुक्कर दिसलेलं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, की त्या मचानावरून त्या धुऱ्यापलीकडं गोळी जाऊच शकत नाही. सगळ्यांना दिसत होतं. सगळे माना डोलवत होते.

तानाबाईची पाळी आली. ती नेहमीच्या गलक्यात बोलली नाही. हळू बोलली, तर मागचे लोक पुढं सरकले.

"डुक्कर नव्हतं. मोर होता. धर्मेंद्रनं मारला. मचानावर नव्हता तो, तुरीत बसला होता, जमिनीवर. मीच बसवला."

गलका झाला. महादेवराव उठले, बसले. साहेबीणबाईंनी हात वर केला.

"मावशी, मोर तिथं कसा आला?"

"मी बोलावला. माह्या हाकेवर येते ते."

"तुम्ही कशाला बोलावला?"

इथं तिला सांगता आलं असतं, की फसवलं मला, फोटो काढतो म्हणाला. ते खरंही होतं. धर्मानं तिच्याकडं बघितलं, वाटलं असेल ती तेच म्हणणार. तानाबाईनं पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"मिरवाले," ती म्हणाली. "माह्या आवाज मोठा हाय, ते शहरातल्यांले दाखवाले. लिवा. माह्य नाव पयले लिवा. मंग त्याचं लिवा. आन हेही लिवा, का बाई वरडत होती आन त्यानं आधी मोर उचलला."

केस झाली. मोर सापडला नाही, पाहुणे सापडले नाहीत, आणि एका बाईच्या शब्दासमोर अख्ख्या गावाचा शब्द. धर्मा जामिनावर सुटून दुकानात बसला. रायफल तेवढी जमा झाली. तानाबाईचंही नाव आहे केसमध्ये, तारखेला ती एसटीनं जाते. परवानगी थांबली. आणि महादेवराव म्हणाले तसंच झालं, डुकरं पहिल्यांदा तिच्याच हरबऱ्यात आली. सकाळी ती उकरलेल्या जमिनीसमोर उभी होती, तेव्हा रस्त्यावरून जाता जाता महादेवरावांनी बंडी थांबवली.

"काय वहिनी? सांग ना आता मोरांले, डुकरं हाकला म्हणा."

गावात तिच्याशी बोलणं हळूहळू बंद पडलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. शिव्या तिनं परत दिल्या असत्या, मजेत दिल्या असत्या. नुसतं कोणी बघायचं नाही. पारावरून गेली तर पारावरचे फोनमध्ये बघायचे.

पुढच्या भाऊबीजेला धर्मा आला नाही, पण लुगडं पाठवलं. कोणाच्या तरी हाती. आत निरोप: केसचं बघ बाई. तानाबाईनं घडी न मोडता ते लुगडं शेतात नेलं आणि बुजगावण्याला नेसवलं. पदर, निऱ्या, सगळं व्यवस्थित. आर्वीच्या दुकानातलं हिरवंगार नवं लुगडं नेसून बुजगावणं मधोमध उभं. बघायला गाव लोटलं. ती कोणाशी बोलली नाही, पण त्या दिवशी तिच्या चालण्यात जुना तोरा होता असं म्हणतात.

पाखरांचे तास तिनं याही वर्षी पेरले. हाक मात्र बंद. मोर हरबऱ्यात शिरला तर डबा वाजवते. पत्र्याचा डबा आणि काठी. इतक्या मोठ्या आवाजाची बाई दिवसभर तोंडातून चकार शब्द काढत नाही.

एकदाच चुकली. शोभाबाई बरी होऊन परत शेतात यायला लागली होती, एक पाय ओढत. नाल्यापलीकडं ती वेचत होती, अलीकडं तानाबाई. उन्हं डोक्यावर आली. इतक्या वर्षांची सवय, तानाबाईच्या तोंडातून निघून गेलं, "शोभेऽऽ, जेवाले येतं काय वं?"

शोभाबाईनं मान वर केली. काही बोलणार होती की नव्हती, कोणास ठाऊक. कारण त्याच वेळी नाल्यातली झुडपं हलली आणि लांडोरी निघाल्या. एक, मग दुसरी, आणि मागं एक कोवळा मोर, अजून पिसारा न आलेला. धुऱ्यावर चढले, जिथं तो पडला होता बरोबर तिथं, आणि तानाबाईकडं बघत उभे राहिले. बोलावलं ना, आलो.

तानाबाईनं डबा उचलला आणि बडव बडव बडवला, ते उडून जाईपर्यंत बडवला. मग धुऱ्यावर बसून पदरात तोंड घातलं. पलीकडं शोभाबाईनं पाठ फिरवली आणि पुन्हा वेचायला वाकली.

तेव्हा तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. कधी रोहण्याच्या बाजूनं गेलात, त्या नाल्याकाठी गाडी थांबवलीत, हिरवं लुगडं नेसलेलं बुजगावणं दिसलं, तर बघा आणि पुढं जा. हौसेनं सुद्धा तिथं कोणाला मोठ्यानं हाक मारू नका. त्या मोरांना माणसाचा आवाज अजून खरा वाटतो. मेहरबानी करा, तुमच्या आवाजावर त्यांना बाहेर काढू नका.